दोन घरांतल्या सीडी

जुन्नरच्या एका फोटो स्टुडिओत मी पासपोर्ट फोटोंची वाट बघत होतो. तेवढ्यात एक बाई आल्या. फडक्यात गुंडाळलेल्या दोन सीडी त्यांनी स्टुडिओवाल्यापुढे ठेवल्या.

"एक घरची, एक डिंगोरे गावच्या बहिणीकडची. दोनीत तेच फोटू हायती. दोनी लावून बघा."

पहिली उघडलीच नाही. त्यांनी शांतपणे दुसरी पुढे केली. पडद्यावर भाताच्या खाचरात उभा राहून हसणारा माणूस दिसला.

"आमचं मालक. आता न्हाईत."

मला राहवलं नाही. "बहिणीकडं का ठेवता?"

"घर जळालं तवा आईचा एकच फोटो व्हता, भाऊ. त्यो बी गेला. आन् निस्तं ठेवून सीडी बिघडली तर काय कळतंय? दर दिवाळीला लावून बघती."

मग त्यांनी आणखी दोन सीडी करायला सांगितल्या. त्या तयार होईपर्यंत बाई पडद्यासमोरून हलल्या नाहीत.