ॲसिटिक आम्लाचा मंद दिवा

दोन वर्षं भुरीबाईनं देवाकडं एकच मागणं मागितलं होतं: नेमसिंग सरांची चारचौघांत फजिती व्हावी. आणि ती आपल्या डोळ्यांदेखत व्हावी.

पांढरकवड्याच्या एका कॉलेजात ती तेवीस वर्षं प्रयोगशाळेत कामाला. परीक्षानळ्या धुताधुता तिनं रसायनशास्त्राचे इतके तास ऐकले होते, की ऐकण्यावर पदवी मिळत असती तर एव्हाना दोन मिळाल्या असत्या. नेमसिंग सर तिच्याच बंजारा तांड्यातले, केळापूरजवळचे. मूळचे जीवशास्त्राचे. जुने सर निवृत्त झाले आणि रसायनशास्त्र यांच्या गळ्यात पडलं. गळ्यातलं डोक्यात काही चढलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका प्रात्यक्षिकात त्यांनी दोन पात्रांतल्या आम्लांत तारा सोडून बल्ब जोडला. हायड्रोक्लोरिकमध्ये तो लख्ख पेटला, ॲसिटिकमध्ये नुसता मिणमिणला. सरांनी पुस्तक उघडायचं सोडून भुरीबाईकडं बोट केलं. "हिनं आम्ल विकलं अन् बाटलीत पाणी भरलं!"

"सर, ह्या आम्लाचा लाइट बारीकच राह्यते," ती सांगत राहिली. पण सातवी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतं? मेमो फायलीत गेला, कायम नोकरीची ऑर्डर अडली. वर सरांनी संध्याकाळी तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकापुढं तिला चोर ठरवलं. त्या वर्षी तीजेच्या सणाला बायका तिच्यापासून सरकून बसल्या. ते सरकणं तिच्या काळजात रुतून बसलं.

यंदा तपासणीला अधिकारी बाई आल्या आणि सरांनी दाखवायला नेमका तोच प्रयोग काढला. "तुझ्या पाण्याचा भरोसा नाही," म्हणत त्यांनी ॲसिटिक आम्लाची नवी बाटली आणली, सील स्वतः फोडलं आणि निव्वळ आम्ल पात्रात ओतलं. पाण्याचा थेंबही घातला नाही. भुरीबाईनं पाहिलं. ती एक शब्द बोलली असती तर सर वाचले असते. ती बोलली नाही. मुद्दाम बोलली नाही.

बल्ब पेटलाच नाही. सरांनी तारा हलवल्या, बटण खालीवर केलं, कपाळ पुसलं. "बाटलीत भेसळ असेल," ते पुटपुटले.

"सील तर तुम्हीच फोडलं ना?" अधिकारी बाईंनी विचारलं.

तेव्हा कुठं भुरीबाई पुढं झाली. "मॅडम, पाणी टाकू काय?" तिनं डिस्टिल्ड पाणी ओतून पात्र ढवळलं. बल्ब मिणमिणला. पोरं पुढं सरकली.

"कोऱ्या आम्लात करंट चालत नाही, मॅडम," ती म्हणाली. "पाणी भेटलं का त्याचे आयन सुटते. हायड्रोजनचा आयन पाण्याले जाऊन चिकटते, अन् मंग करंट चालते. ह्या आम्लाचे थोडकेच सुटते, म्हणून लाइट बारीक. हायड्रोक्लोरिकचे जवळपास सारेच सुटते. आम्लारीचंबी तसंच हाये, कॉस्टिक सोडा लख्ख, अमोनिया बारीक. पण याच बारीक लाइटपायी मले चोर ठरवलं. कागद फायलीत हाये."

अधिकारी बाईंनी फाइल मागवली, मेमो वाचला. साऱ्या वर्गासमोर सरांना स्वतःच्या हातानं लिहावं लागलं, की आरोप खोटा होता, चूक माझी होती. भुरीबाईला दया आली नाही. मेल्याला अजून दोन ओळी लिहायला लावायला हव्या होत्या, असंच तिला वाटलं.

बाहेर आल्यावर सरांनी तिला गाठलं. "काकी, झालं ते झालं. तांड्यात काही बोलू नका."

"मी कायले बोलू?" भुरीबाई म्हणाली. "नायकाले तुम्हीच सांगतलं होतं, आता बी तुम्हीच सांगा. साऱ्यायसमोर. चाला, गाडी काढा."

सरांनी मान खाली घालून मोटरसायकल काढली. भुरीबाई मागं बसून, तांड्याची जी बाई दिसेल तिला हाक मारत होती, "चाल वो, नायकाच्या दारी चाल! सर सांगून राह्यले काहीतरी!"