हे तुमच्यासाठी नाही

अकोल्याच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी माझ्या मायची साडी बेंबीच्या खाली सारली आणि ते शिकाऊ पोरांना इंग्रजीत समजावू लागले. पडदा उघडाच होता. शेजारच्या खाटांवरची माणसं बघत होती. मायनं डोळे मिटून घेतले.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसलेली. ऑपरेशन होत नाही, एवढं मला कळलं होतं. मायला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "सर, बाहेरूनच ध्वनिलहरी एका जागी रोखून गाठ जाळतात म्हणे. प्रयोग चालू हाय. मायले जमन का?"

त्यांनी आधी आडनाव विचारलं. मग धंदा. अमरावतीच्या बाजारात फुलं विकते, म्हटलं.

"बघा," ते पोरांकडे वळले, "फुलवालीला फोकस्ड अल्ट्रासाउंड पाहिजे!" मग मला म्हणाले, "हे तुमच्यासाठी नाही. घरी न्या."

पोरं हसली. सगळी नाही. पण हसली.

अशा वेळी मान खाली घालायची, हेच मी शिकले होते. त्या दिवशी घातली नाही. पुढे झाले, मायचं पोट झाकलं.

"तिच्या पोटात काय हाय ते तिले सांगा. मराठीत सांगा. मंग हसा."

मायनं डोळे उघडले. "काय हाय वो डॉक्टरसाहेब?"

त्यांना सांगावं लागलं. गाठ काढता येणार नाही. त्या उपचारानं बरं होईल असं नाही. दुखणं कमी होईल कदाचित.

माय म्हणाली, "दुखनं कमी होत असन त मले जायचं हाय. पाठ जळून राहिली माही."

नाइलाजानं त्यांनी मोठ्या शहरातल्या दवाखान्यात फोन लावला. नंबर लागल्यावर आम्ही गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई मायशी बोलल्या, मायशीच. पण तोवर कावीळ अंगभर चढली होती, गाठ यकृतात पोचली होती. "आधी आला असतात तर विचार केला असता," त्या म्हणाल्या.

मायनं घरीच जीव सोडला. दुखतच गेली. माझा हात धरून.

त्या लहरींनी तिला चार दिवस सुखाचे मिळाले असते का, कुणीच सांगू शकत नाही. पण तिला विचारायला हवं होतं, वेळेवर विचारायला हवं होतं. तेवढा तिचा हक्क होता.

आता गल्लीतलं कुणी दवाखान्यात निघालं की मी सोबत जाते. डॉक्टरांच्या समोर बसते. पेशंटला कळेपर्यंत उठत नाही. बाहेर काढलं तर दारात उभी राहते.