खळीतलं चमचाभर तेल

हे आजवर कुणापाशी बोलले नाही. मूर्खपणा केला, आणि तोही ऐन शहाणपणाच्या तोऱ्यात. सन एकतीस-बत्तीसची गोष्ट. वय एकोणीस, नाकात नवी नथ, सोलापुरात दोन महिने राहून हातमाग शिकून आलेली गावातली एकटी सून — माझ्यापुढे कोण टिकणार?

सासऱ्यांनी गोठ्याशेजारच्या पडवीत दोन माग मांडले होते. गावातल्या बायकांना शिकवायचं, लुगडी इथंच विणायची, असा त्यांचा बेत. शिकवणारी मी. काय सुख होतं त्या पडवीत — ना चूल, ना सासूबाईंची नजर. आणि समोर गंगू, एरवी शेतात भांगलणीला, तण काढायला जाणारी, माझ्याच वयाची. विणताना ती गुणगुणायची, मी हळूच सूर लावायची. मैत्रीण म्हणावी अशी तेवढीच. पण म्हटलं कुठं? मास्तरीण ना मी.

बाकीच्या अजून कांड्यांवर सूतच भरत होत्या, तेव्हा गंगू सफाईनं विणत होती. सासरे म्हणाले, "हिनं ताण्याला खळ लावून दाखवली की पडवी हिच्यावर. सूनबाई मोकळी."

मोकळी — चुलीपुढं?

खळ म्हणजे ताण्याच्या उभ्या सुताला लावायची पिठाची पेज. तीत चमचाभर गोडं तेल पडलं नाही, तर सूत वाळून कडक होतं, तुटतं. मी गंगूला पीठ सांगितलं, पाणी सांगितलं, आच सांगितली. तेल — विसरले म्हणू? नाही विसरले. जिभेवर आलेलं गिळलं.

तीन दिवस तिचा ताणा तुटत राहिला. शेजारी बसून मीही गाठी मारल्या — केवढी मी दयाळू. चौथ्या दिवशी सासऱ्यांनी माग उचलले, पडवीत कडबा भरला. हिलाच जमेना तर बाकीच्यांचं काय, आणि सून किती दिवस पडवीत बसवायची, म्हणाले. म्हणजे चूल काही चुकली नाहीच.

अजून दुपारी घर निजलं की कान तिकडं जातात. तो खटखटाट, ती गुणगुण. पुन्हा तसं कुणाशेजारी बसले का मी कधी?

माग उचलल्यावर खुरपं घेऊन पुन्हा भांगलणीला निघाली, त्या सकाळी गंगू दाराशी थांबली. म्हणाली, "वैनी, तुमी लई जीव लावून शिकवलं. माज्याच हातात गुण न्हाय, त्याला तुमी काय करनार?"