उरलेला रंग

जागृतीताईच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो पाण्याचा जार खांद्यावर घेऊन. आत टेबलं, भिंतभर खोके, आणि चांगली मोठी माणसं फासे-पत्ते घेऊन बसलेली. मला वाटलं, अड्डा आहे. तळवलीत अजून अर्ध्या लोकांना तेच वाटतं. आता माझ्यासमोर कोणी तसं बोललं तर मी भांडतो.

अड्डा नाय, बोर्ड गेमचं दुकान आहे. गेम विकत घ्या, नायतर टेबल तासावर भाड्याने घ्या, भिंतीवरचा कुठलाही खोका काढा आणि खेळा. पैसे लावून खेळताना कोण दिसला तर ताई दंडाला धरून बाहेर काढते, मग तो गावातल्या कोणाचाही भाचा असो.

जागा तिच्या वडलांची, वामनकाकांची. शेत गेलं, त्यावर बिल्डिंग आली, खालच्या गाळ्यात किराणा होता तो उठला. ताई तेव्हा महापेला एका कंपनीत होती. जेवणाच्या सुट्टीत तिथे सगळे गेम खेळायचे, तिथेच ती शिकली. मग कंपनीने गाशा गुंडाळला. कोण बेंगलोर, कोण कॅनडा. गेम भंगारात चालले होते, ते ताईने रिक्षात भरून घरी आणले. पण एकटीने काय खेळणार? तिची आई, विमलबाई, खोका बघूनच म्हणाली, "मना नाय जमत गो, डोले दुखतान."

"म्हणून दुकान काढलं," ताई मला एकदा बोलली. "वाटलं, टेबलं टाकली की खेळायला माणसं येतील."

माणसं आली. पण ती आपापली चौघं जमवूनच येतात. ताई त्यांना नियम समजावते, चहा देते, सांडलेला चहा पुसते. एखादा भिडू कमी पडला तर हाक येते, "ताई, बसता का?" मग ताई बसते. बसायचे तिचे नियम आहेत. रंग आधी गिऱ्हाईक घेणार, उरेल तो तिचा. आणि गिऱ्हाईकाला हरवायचं नाय.

हे दुसरं मला जाम खटकायचं.

"तू मुद्दाम हरलीस," मी बोलायचो.

"जार ठेव आणि निघ. हरलेला माणूस परत येतो का रे?"

एकाच टेबलावर तिने हा नियम मोडला. रविवारचं टेबल. घणसोलीच्या टॉवरमधली वैशाली, तिचा नवरा दिलीप, आणि एक चष्मेवाला, त्याचं नाव मी लक्षात ठेवलं नाय. त्यांचा चौथा आशुतोष, त्याची बेंगलोरला बदली झाली. जागा रिकामी पडली, रंग उरला पिवळा. ताई बसली. पुढच्या रविवारी पण बसली. असं वर्ष गेलं.

होड्यांचा गेम होता, बंदरात माल पोचवायचा. एक पिवळी होडी हरवली तर ताईने आइस्क्रीमच्या काडीची कापून केली आणि हळदीत घोळवली. त्या टेबलावर ती जिंकायला खेळायची. दिलीपची वाट अडवली की टेबल ठोकून हसायची. तो बोंबलायचा, "ताई, तुमी बाई नाय, दरोडेखोर आहात!" रविवारी ती कानात डूल घालून खाली यायची. बाकीचे दिवस काउंटरवर एकटीच, दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळत.

मग एका रविवारी जाता जाता वैशाली बोलली, "ताई, गुड न्यूज! आशुतोष परत येतोय, ऐरोलीला. पुढच्या वेळी सोबतच येईल."

"अरे वा," ताई बोलली.

मी नंतर विचारलं, "तो होड्यांचा पाच जण खेळतात?"

"चारच."

"मग?"

"मग काय? पाच जणांचे पण आहेत की गेम."

आठवडाभर ती एक नवा खोका उघडून त्याचे नियम वाचत होती. मी कधीही जार घेऊन जावं, तर हिचं डोकं त्या पुस्तिकेत. रविवारी दुपारी तिने टेबलावर तो गेम मांडून ठेवला. पाच खुर्च्या लावल्या.

आशुतोष आला. माणूस वाईट नाय, ताईसाठी म्हैसूरपाक घेऊन आला होता. वैशालीने मांडलेला गेम बघितला.

"अय्या, हा नको ताई, आपला होड्यांचाच द्या. ह्याने एवढा मिस केलाय!"

"हो हो," ताईने सगळं परत खोक्यात भरलं. होड्यांचा काढून दिला.

"पिवळा माझा!" आशुतोष बोलला. मग त्याला ती हळदीची होडी दिसली. "ही काय काडी?"

सगळे हसले. ताई पण हसली. त्याने काडी बाजूला ठेवली, तिच्या जागी एक नाणं ठेवलं. ताईने काडी उचलली आणि पाचवी खुर्ची भिंतीला लावली.

"चहा किती?"

"चार."

माझं डोकं फिरलं. "ओ, पाच जणांचा पण खोका आहे ना!"

"काय?" दिलीपने मान वळवली.

"काय नाय," ताई बोलली. "जार संपलाय, ते सांगतोय."

आत चहा गाळताना ती माझ्यावर उखडली. "तोंड आवर. गिऱ्हाईक आहेत ते."

"मित्र आहेत ना तुझे?"

ती गाळत राहिली.

एका जागी बसणं मला जमत नाय. शाळा नववीत त्यामुळेच सुटली, कळंबोलीच्या लोखंडाच्या यार्डातलं काम पण. तरी मी कोपऱ्यातल्या टेबलाला खुर्ची ओढली. "काढ एक दोघांचा."

"तुला कंटाळा येईल."

"येऊ दे."

तिने खोका आणला, झाकणात सोंगट्या ओतल्या. "रंग घे."

"तू आधी घे."

"गिऱ्हाईक आधी."

"मी कुठला गिऱ्हाईक? पाणीवाला आहे मी."

ताईने झाकणात बघितलं. हात पिवळ्याकडे गेला, परत आला. मागे रविवारच्या टेबलावर मोठा गलका झाला. तिने वळून बघितलं, हळूच बोलली, "वैशालीने अडवलं वाटतं." मग पुन्हा झाकणात बघत बसली.

"मला कुठला आवडतो, मलाच माहीत नाय रे," ती बोलली.

बाहेर टेम्पोत जार पडले होते, शेठचा फोन वाजत होता. मी फोन कापला.

"बघ सावकाश," मी बोललो. "मी बसलोय."