उष्टी हळद आणि तिसाची पाटी

माझ्यासारखा ड्रायव्हर अख्ख्या बोईसरात दुसरा नाही. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही.

म्हणूनच पालघरात शिरताना ताशी तीस किलोमीटरची नवी पाटी लागली, तेव्हा तो मला माझा वैयक्तिक अपमान वाटला. पुतण्याच्या, म्हणजे विनयच्या, हळदीला मांडवात बरेच गाडीवाले जमले होते. सभा आयतीच मिळाली.

"तिसानं चालवायची तर गाडी घ्यायची कशाला?" मी म्हणालो. "हातगाडी काय वाईट होती?"

मांडववाल्याच्या टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, तीस में तो चौथा गिअर डालने का मौका ही नहीं मिलेगा."

"बघा, हा अनुभव बोलतोय."

"मला चालते पाटी," शेजारचा रिक्षावाला बबन म्हणाला. "माजी रिक्षा तिसाच्या वर जातच नाय."

(अशा लोकांमुळेच देश मागे राहतो, असं मी मनात म्हणालो. मग मोठ्यानंही म्हणालो.)

मी वाहतुकीच्या जागतिक प्रश्नांकडे वळणार, तेवढ्यात माझी बायको सुमन हातात वाटी घेऊन समोर उभी राहिली. "भाषण झालं असेल तर निघू या? तिकडे केळव्याला पोरगी पाटावर ताटकळलीय."

वाटीत विनयला लावून उरलेली हळद होती. नवऱ्याची ही उष्टी हळद पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि भटजींनी दिलेली वेळ बरीचशी माझ्या भाषणात गेली होती. वहिनींनी गाडीत बसताना पुन्हा बजावलं, "वाटी खाली टेकवायची नाही, झाकायची नाही. आपल्या घरची रीत आहे." हळद तेलात चांगली सैल कालवलेली. सुमननं वाटी दोन्ही हातांत धरली. तिचा पट्टासुद्धा मीच लावून दिला, आणि घाईत माझा राहून गेला.

गाडी मी अशी काही सोडली की पालघर केव्हा आलं ते कळलंच नाही.

"पाटी आली," सुमन म्हणाली.

"दिसली."

"मग हळू करा."

"अगं, पाटी नवशिक्यांसाठी असते."

पाटीच्या पुढे नवा गतिरोधकही बांधलाय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यावर पांढरे पट्टे मारायचे राहिले होते. गाडी उडाली. मी उडालो. सुमन पट्ट्यामुळे जागच्या जागी राहिली आणि वाटीही तिच्या हातात राहिली. हळद तेवढी माझ्याकडे आली. कान, मिशी, नवाकोरा झब्बा, काही सोडलं नाही. उरलेली समोरच्या काचेला बसली.

मी तत्परतेनं वायपर लावला. वायपरनं बाहेरची स्वच्छ काच मनापासून पुसली. मग मी आतून पुसायला रुमाल काढला.

"हात लावू नका!" सुमन ओरडली. "पुसून टाकलीत तर त्या पोरीला काय लावणार? तुमचा वेग?"

लग्नघरातल्या समस्त बायका ज्या हळदीची वाट बघत होत्या, ती माझ्या मिशीत होती! काच पुसता येईना, तोंड पुसता येईना. शेवटी मान खिडकीबाहेर काढून मी गाडी अक्षरशः सरपटत नेऊ लागलो. मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न तर असे वाजत होते, जणू आमचीच वरात निघालीय. चौकात हवालदारानं हात दाखवला.

"काका, पाटी तिसाची आहे. एवढं घाबरून चालवायला कोणी सांगितलं?" मग त्यानं माझं तोंड नीट पाहिलं. "हळद लागलीय? या वयात?" आणि वाकून सुमनला विचारलं, "ताई, तुम्हाला चालतंय हे?"

"चालवून घेतेय," सुमन म्हणाली.

केळव्याच्या मांडवात शिरलो तर नवरीची आत्या दारातच उभी. "किती उशीर! हळद कुटं हाय?"

सुमननं माझ्याकडे बोट दाखवलं. नवरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि मला खरंच फार वाईट वाटलं. परत बोईसरला जाऊन यायला वेळ उरला नव्हता. आत्या माझ्याभोवती एक फेरी मारून आली. बाजारात सुरमई पारखतात तसं तिनं मला पारखलं.

"हळद नवऱ्याच्या अंगाची हाय ना? मग ती कोनावर सांडली तरी नवऱ्याचीच. बसवा यांना पाटावर."

नवरी उठली, मी बसलो. आंब्याची पानं घेऊन बायका माझ्यावर तुटून पडल्या. कोणी कान खरवडला, कोणी गाल. "मिशीत लय हाय गो," एकीनं शोध लावला, तशा सगळ्या मिशीकडे वळल्या. नवरी डोळे पुसता पुसता हसायला लागली. वेळ टळायच्या आत तिच्या गालाला हळद लागली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात सुमन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, त्या तिसाच्या पाटीबद्दल तुमचं मत सांगा की यांना."

मिशी आत्याच्या चिमटीत होती. तरी मी मान ताठ ठेवून ठणकावून सांगितलं, "तीस साफ चूक आहे. वीस पाहिजे."