गादीवाल्याने शिवलेला मेंदू

तो माझा धाकटा भाऊ. सख्खा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मेंदू शिवणारा भाऊ अख्ख्या गावात दुसऱ्या कुणाला नाही.

दुकान त्याचं गाद्या-सोफ्यांचं. पण लोक आता तयार गाद्या आणतात, त्यामुळे दुकानात नुसत्या माशा मारायच्या. मेहुणा टपूनच बसलेला. "कुलूप लाव नि ये माझ्या गोदामात, पोती मोजायला." पोत्यांचं नाव काढलं की भावाचं तोंड कडू व्हायचं.

तेवढ्यात नर्सिंग शाळेच्या मॅडम आल्या. त्यांचा प्लास्टरचा मेंदू शिपायाच्या हातून पडून फुटला होता. कापडाचा शिवून मिळेल का? प्राचार्यांना पसंत पडला, तर शाळेचं सगळं काम त्यालाच.

भावाला हत्तीचं बळ आलं. मोठा मेंदू गुलाबी मखमलीचा, सगळा वळ्यावळ्यांचा.

"एवढ्या घड्या कशाला?" त्याने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "छोट्या कवटीत जास्त मेंदू बसवायचाय ना!"

"म्हणजे आमच्या कपाटासारखंच," भावजय म्हणाली. "आणि ह्यांच्या डोक्यात?"

"त्यात कापूस आहे," मी म्हणालो. मोठा भाऊ आहे, एवढा हक्क आहेच.

डावा अर्धा भाग उजव्या हातापायाला हुकूम सोडतो, उजवा डाव्याला, म्हणून एक अर्धा फिका गुलाबी, दुसरा गडद. मागे तोल सांभाळणारा लहान मेंदू. त्याच्यापुढे श्वास नि ठोके चालू ठेवणारा देठ, हा भाग माणूस झोपला तरी जागाच. आणि देठाखालून निघणारा मज्जारज्जू, करंगळीएवढा जाड. त्यासाठी लोकरीचे धागे एकत्र धरून वरून पांढरं कापड गुंडाळलं. मग हे सगळं शाळेतल्या, पाठीला चेन नि आत मणके असलेल्या कापडी माणसात बसवलं.

फक्त मॅडमनी दिलेलं रज्जूचं माप कमरेपाशीच संपत होतं, आणि मणके खाली चालूच! भाऊ हसला. गिऱ्हाईक माप नेहमी कमीच सांगतं, हे त्याला पक्कं ठाऊक. मॅडमचा टेप घसरला असणार. त्याने रज्जू पार माकडहाडापर्यंत नेला, स्वतःच्या पदरचं कापड घालून. आमच्या घराण्यात आखूड काम होत नाही.

प्रात्यक्षिकाला मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. प्राचार्य स्प्रिंग वर आलेल्या खुर्चीत एका कुशीवर कलून बसलेले. मॅडमनी मुलींना सांगितलं, "पाठीतलं पाणी तपासायचं तर डॉक्टर सुई कमरेखाली घालतात. का? तिथे मज्जारज्जू नसतो. वरच संपलेला असतो." आणि सुई खुपसून चेन उघडली.

सुई रज्जूच्या बरोब्बर मधोमध!

"अगं बाई, गेले पाय!" एक मुलगी ओरडली. सगळा वर्ग खिदळला. प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मॅडमचा चेहरा पडला. भावाच्या डोळ्यांपुढे पोत्यांची थप्पी उभी राहिली.

"थांबा हो!" तो पुढे धावला. खिशातून कात्री काढून त्याने कमरेखालचं गुंडाळलेलं कापड उसवलं नि ओढून काढलं. आतले धागे मोकळे होऊन खाली लोंबायला लागले.

मॅडम बघतच राहिल्या. "अहो, खरंच असंच असतं! रज्जू संपला की खाली नुसत्या नसांचा झुपका, घोड्याच्या शेपटीसारखा. सुई आली की धागे बाजूला सरकतात."

"तेच म्हणतोय मी," भाऊ म्हणाला. काहीच म्हणत नव्हता, पण प्रसंगावधान बघा. ते आमच्या रक्तातच आहे. मी टाळ्या सुरू केल्या.

प्राचार्यांनी मखमल दाबून पाहिली, दोनदा पाहिली, नि "बघू, कळवतो" म्हणत निघून गेले. घरी भाऊ नीट जेवलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे शाळेची हातगाडी. वर प्राचार्यांची खुर्ची, तिच्यावर कचेरीतल्या झाडून सगळ्या खुर्च्या. शिपाई म्हणाला, "साहेब म्हणाले, बैठक त्या मेंदूइतकी मऊ पाहिजे. बाकीचे मेंदू सावकाश झाले तरी चालतील."

भावाने तिथूनच मेहुण्याला फोन लावला आणि सांगितलं, पोती दुसऱ्याकडून मोजून घे.