पहिल्या नावापाशी थांबलेला शोध

गरम पावाचा वास आला की डिचोलीचा आमचा संगणक वर्ग आठवतो. तो बेकरीच्या माडीवर भरायचा. सरांनी प्रोग्राममध्ये आम्हा मुलांचेच ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्येकाची एकेक नोंद, केले होते: गाव, छंद, आवडता मासा. यादी गावांच्या अकारविल्हे, म्हणून आमोण्याचा मुलगा आधी, मी पेडण्याचा मागे. सर्वणची एक मुलगी, जिच्यासाठी मी एकही वर्ग चुकवत नसे, हसत शोधासाठी अटी टाइप करू लागली: भजन गाणारा, बांगडा खाणारा. पडद्यावर आमोण्याचा उमटला आणि शोध तिथेच थांबला. "पुढे शोध गो, मीही बसतो त्यात!" मी छातीवर हात ठेवून ओरडलो. ती म्हणाली, "एक मेळ्ळो मरे, आनी कित्याक सोदूं?" एक सापडला, मग आणखी कशाला शोधायचं! सगळे हसले, मीही हसलो. पुढे त्या दोघांच्या लग्नात लाडू मीच वाढले. आता मी प्रोग्राममधला हाच शोध शिकवतो, आणि पहिला सापडला तरी थांबू नका, हे जरा जास्तच मोठ्याने सांगतो.